तालुक्याची सायकलवाट: गाव नकाशापासून निधीपर्यंत

चाळीस किलोमीटरची पायवाट-सायकलवाट करायची म्हणून निधी मागायला गेलात की पहिला प्रश्न येतो, "कोणत्या लेखाशीर्षाखाली?" (म्हणजे सरकारी खर्चाच्या कोणत्या खात्यातून) आणि बहुतेक प्रस्ताव तिथेच बसतात. पाणंद रस्त्याला, म्हणजे शेतांकडे जाणाऱ्या गावच्या वाटेला, पैसा आहे, वाडी जोडायला आहे, तीर्थक्षेत्राला आहे, शाळेच्या वाटेलाही मिळू शकतो. अख्ख्या तालुक्यातून जाणाऱ्या एका सलग वाटेला मात्र सहसा कुणाकडेच रकाना नसतो. म्हणून अशी वाट तुकड्यातुकड्यांनी करायची असते. नकाशावर ती एकच दिसते, कागदोपत्री ती पंधरा-वीस कामे असतात, आणि प्रत्येक कामाला आपला मालक, आपली परवानगी, आपला पैसा असतो.

हे काही आपल्याकडचेच नाही. अमेरिकेत पिट्सबर्ग ते कंबरलँड ही सुमारे २४० किलोमीटरची ग्रेट अलेगेनी पॅसेज नावाची वाट बंद पडलेल्या रेल्वेमार्गांवर तुकड्यातुकड्यांनी झाली. तिचा पहिला टप्पा १९८६ मध्ये खुला झाला आणि शेवटचा जोड २०१३ मध्ये लागला. याच्या उलट उदाहरण आपल्या घरचे आहे. पंढरपूरच्या पालखी महामार्गांचे भूमिपूजन ८ नोव्हेंबर २०२१ रोजी झाले, तेव्हा वारकऱ्यांसाठी दोन्ही बाजूंना पायी चालण्याचा स्वतंत्र मार्ग मूळ आराखड्यातच होता. पण तिथे दरवर्षी लाखो माणसे चालतात. भोर, जावळी, अकोले किंवा मोखाड्यासारख्या तालुक्यात तुमच्यामागे लाखो पावले नाहीत, तेव्हा तुकड्यातुकड्यांची पहिली वाट धरावी लागते. पुढचे सगळे अशा डोंगराळ, भरपूर पावसाच्या तालुक्याला धरून लिहिले आहे.

आधी वाट शोधा, मग आखा

गुगलच्या नकाशावर रेघ ओढून सुरुवात करू नका. भूमी अभिलेख कार्यालयातून प्रत्येक गावाचा गाव नकाशा घ्या. महाभूनकाशाच्या संकेतस्थळावर गट नंबरांचे नकाशे दिसतात, पण जुन्या वाटांच्या खुणा मूळ गाव नकाशावर जास्त स्पष्ट असतात. एकेरी तुटक रेषा म्हणजे पायमार्ग, साधारण सव्वाआठ फुटांचा. दुहेरी तुटक रेषा म्हणजे गाडीमार्ग, साधारण साडेसोळा ते एकवीस फूट. नकाशावर अशी रेषा असेल तर ती वाट गावाची आहे, मग जागेवर आज तिथे ऊस उभा असो की कुणाचा गोठा. अतिक्रमण काढायला तहसीलदारांकडे अर्ज करता येतो आणि मालकी नव्याने मिळवावी लागत नाही. वाट नकाशावर नाही, पण लोक पिढ्यान्‌पिढ्या वापरतात आणि कुणीतरी ती नुकतीच अडवली आहे, अशा वेळी १९०६ च्या मामलेदार न्यायालय अधिनियमाच्या कलम ५ खाली अर्ज होतो. तो अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत करावा लागतो, आणि ही मुदत चुकली की प्रकरण दिवाणी न्यायालयात जाऊन बसते.

उदाहरणादाखल ४० किलोमीटरची फोड अशी धरू: १४ किमी असलेले ग्रामीण रस्ते, ११ किमी पाणंदी, ६ किमी कालव्याकाठचा निरीक्षण पथ, ५ किमी वनजमीन आणि ४ किमी खासगी शेते. आकडे तुमच्याकडे वेगळे येतील, पण ही फोड कागदावर मांडल्याशिवाय पुढची पायरी चढू नका. या शेवटच्या चार किलोमीटरला पहिल्या छत्तीस किलोमीटरइतकाच वेळ लागतो. म्हणून पहिला नियम असा की वळसा पडला तरी चालेल, खासगी जमीन टाळा. दोन किलोमीटरच्या वळशाने सायकलवाल्याची दहा मिनिटे जातात, अकरा खातेदारांच्या सह्यांनी तुमची तीन वर्षे जातात.

मग ती वाट पायी चाला. दोनदा चाला, एकदा एप्रिलमध्ये आणि एकदा जुलैच्या मध्यावर. उन्हाळ्यात चढ, सावली आणि पाण्याची ठिकाणे कळतात. पाणी कुठून येते, कुठे साचते आणि कोणता ओढा वाट गिळतो हे फक्त जुलैतच दिसते. चढ मोजायला मोबाइलच्या ॲपवर विसंबू नका. गवंड्याची पारदर्शक पाण्याची नळी आणि १० मीटरची टेप पुरते. दहा मीटरला ३० सेंटिमीटर चढ असेल तर म्हातारा माणूसही सायकल चालवतो. ५० सेंटिमीटरला दम लागतो, ८० ला बहुतेक जण उतरून सायकल ढकलतात. ८० च्या वरचा चढ शंभर मीटरपेक्षा लांब असेल तर वाट नागमोडी घ्या किंवा तो तुकडा सरळ पायवाट म्हणून जाहीर करा आणि सायकलला दुसरीकडून न्या. दोघांनी एकाच रेषेवरून गेलेच पाहिजे असे नाही.

चालताना माणसे मोजा. ही पायरी सगळे गाळतात आणि पुढे निधी मागताना तीच कामाला येते. प्रत्येक तुकड्यावर आठवड्यातले दोन दिवस, एक शाळेचा आणि एक बाजाराचा, सकाळी ७ ते ११ आणि दुपारी ३ ते ६ बसून वहीत रेघा मारा: शाळेची मुले, दूध घालणारे, आशाताई, गुरे, बैलगाडी, ट्रॅक्टर, दुचाकी, सायकल. मानव विकास कार्यक्रमातल्या १२५ तालुक्यांपैकी तुमचा तालुका असेल, तर शाळेपासून ५ किमीच्या आत राहणाऱ्या आठवी ते बारावीच्या मुलींना सायकली मिळतात. त्या सायकली चालवायला धड वाट नाही, हे वाक्य तुमच्या प्रस्तावात सगळ्यात वजनदार ठरते.

कुणाच्या जमिनीवर काय लागते

ग्रामपंचायतीच्या रस्त्यांची नोंद नमुना २३ मध्ये असते. वाट त्यात नसेल तर तिच्यावर सरकारी पैसा खर्च करता येत नाही, मग ती शंभर वर्षे वहिवाटीत असली तरी. तेव्हा पहिले कागदी काम म्हणजे ग्रामसभेचा ठराव करून प्रत्येक पाणंद नमुना २३ मध्ये चढवणे. ठरावात रस्त्याचे नाव, कुठून कुठे, लांबी, रुंदी, लगतचे गट नंबर आणि देखभाल कोण करणार हे सगळे यायला हवे. "सदर कामास मंजुरी देण्यात येत आहे" एवढ्याच एका ओळीचा ठराव पंचायत समितीतून हमखास परत येतो. ग्रामसभेची गणपूर्तीही पाहा. मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० यांपैकी जी संख्या कमी असेल तेवढी हजेरी नसेल, तर पुढे एखादा नाराज माणूस तोच मुद्दा काढतो.

कालव्याचा निरीक्षण पथ जलसंपदा विभागाचा असतो आणि कार्यकारी अभियंत्यांची ना-हरकत लागते. ती मिळते, पण अटींसह. कालव्याच्या बाजूला पक्का कठडा बांधू देत नाहीत, कारण गाळ काढायला यंत्र आत उतरावे लागते. वाट काठापासून किमान दीड मीटर दूर ठेवा आणि मधे झुडपांची रांग लावा. आवर्तन (पाणी सोडण्याची पाळी) चालू असताना कालवा दुथडी वाहतो, त्या दिवसांत लहान मुलांसाठी तिथे धोका असतो. तसा फलक लावाच, आणि आवर्तनाच्या तारखा गावच्या व्हॉट्सॲप गटावर जातील अशी व्यवस्था करा.

वनजमिनीत दोन दरवाजे आहेत. एक म्हणजे १९८० च्या वनसंवर्धन कायद्याखालचा पूर्ण प्रस्ताव. तो लांबचा आहे. दुसरा म्हणजे २००६ च्या वनहक्क कायद्याचे कलम ३(२). त्यात रस्त्यासह तेरा प्रकारच्या गावसुविधांसाठी प्रत्येक प्रकरणी एक हेक्टरपेक्षा कमी वनजमीन वळवता येते. अट अशी की हेक्टरी ७५ पेक्षा जास्त झाडे तुटू नयेत आणि ग्रामसभेची शिफारस असावी. इथे गणित कामाला येते. ५ किमीची वाट २ मीटर रुंद धरली तर बरोबर १ हेक्टर होते आणि प्रस्ताव बाद होतो. दीड मीटर धरली तर ०.७५ हेक्टर. जंगलात दीड मीटर पुरतेसुद्धा. एक गोष्ट मात्र नीट ध्यानात घ्या: हे कलम गावाच्या गरजेसाठी आहे. अर्जात 'पर्यटन' हा शब्द आला की तो वेगळ्या टेबलावर जातो. आणि वाट खरोखरच गावाच्या गरजेची नसेल, तर हा दरवाजा ठोठावूच नका. मग वन विभागाशी बोलून असलेली पायवाट आहे तशीच वापरा, फक्त खुणा करा आणि नियमन संयुक्त वन व्यवस्थापन समितीकडे द्या. अभयारण्य असेल तर वन्यजीव विभागाचे नियम वेगळे आणि जास्त कडक असतात.

खासगी शेत टळत नसेल तर नुसत्या मुद्रांकावरचे संमतीपत्र घेऊन खूश होऊ नका. मालक बदलला, वारस आले की त्याचा उपयोग संपतो. ग्रामपंचायतीच्या नावे नोंदणीकृत बक्षीसपत्र करा, किंवा निदान वहिवाटीचा हक्क सातबाऱ्याच्या 'इतर हक्क' रकान्यात चढवून घ्या. सातबाऱ्यावर नाव असलेल्या प्रत्येकाची सही लागते, मुंबईत राहणाऱ्या चुलतभावाची आणि सासरी गेलेल्या बहिणीचीही. जमीन भोगवटादार वर्ग २ ची, देवस्थान इनामाची किंवा आदिवासी खातेदाराची असेल तर आधी महसूल विभागाची परवानगी लागते, तिथे वळसाच बरा. मोजणीचे शुल्क भरून हद्दीचे दगड रोवून घ्या आणि मोजणीच्या दिवशी दोन्ही बाजूंचे शेतकरी हजर ठेवा. अर्धे भांडण तिथेच मिटते.

शेतकऱ्याचा आक्षेप सहसा वाटेला नसतोच. आंब्या-काजूची चोरी, वणवा, उघडे राहिलेले फाटक आणि अनोळखी माणसांचा वावर यांना तो असतो. या चारही गोष्टींवर लेखी तोडगा घेऊनच त्याच्या ओट्यावर जा. फाटक आपोआप मिटणारे बसवायचे, मार्चआधी दोन्ही बाजूंना जाळरेषा (वणवा अडवणारा मोकळा पट्टा) काढायची, सूर्यास्तानंतर त्या तुकड्यावर प्रवेश बंद ठेवायचा.

बांधणी: सगळा खेळ पाण्याचा

वनातला तुकडा सोडला तर रुंदी समोरासमोर येणाऱ्या दोन सायकलींसाठी किमान अडीच मीटर ठेवा, तीन असेल तर सोयीची. पाणंदीत ट्रॅक्टर जाणारच, तिथे तीनच्या खाली जाऊ नका. ट्रॅक्टर अडवायचा प्रयत्नही नको, ती वाट आधी त्याची आहे. ट्रॅक्टर जात नाही अशा तुकड्यांवर मोटार अडवायला दीड मीटर अंतरावर दगडी खांब पुरतात. दुचाकी कशानेही अडत नाही, हे मान्य करून पुढे चला.

पृष्ठभागासाठी दाबलेला मुरूम सगळ्यात स्वस्त आणि दुरुस्तीला सोपा. १ किमी लांब, २.५ मीटर रुंद आणि दाबल्यावर १५ सेंटिमीटर जाड थर म्हणजे ३७५ घनमीटर. सैल मुरूम पाव पटीने जास्त लागतो, म्हणजे साधारण ४७० घनमीटर. एक ब्रास २.८३ घनमीटरचा, तेव्हा किलोमीटरला १६६ ब्रास मुरूम झाला. अडीच ब्रासच्या टिपरच्या ६६-६७ खेपा. या खेपा ज्या अरुंद ग्रामीण रस्त्यावरून जाणार तो रस्ता खचला तर दुरुस्ती कुणाची, हे कंत्राटात आधीच लिहा. मुरमासाठी तहसील कार्यालयाचा परवाना आणि स्वामित्वधन लागते. पावती नसेल तर देयकातून वसुली होते.

थर एकदम १५ सेंटिमीटरचा टाकून रोलर फिरवला तर वरचा भाग दाबला जातो आणि खालचा सैल राहतो. साडेसात-साडेसात सेंटिमीटरचे दोन थर, प्रत्येकावर पाणी मारून एक रात्र मुरू द्यायचे, मग रोलर. मुठीत दाबलेला मुरूम गोळा धरतो पण हाताला चिखल लागत नाही, एवढी ओल हवी. खाली काळी माती असेल तर नुसता मुरूम दोन पावसांत तिच्यात गडप होतो. तिथे किमान ३० सेंटिमीटर माती काढून कडक मुरूम किंवा दगडाचे सोलिंग भरा, वा मधे जिओटेक्स्टाइलचे कापड घाला. कापड महाग वाटते, पण दरवर्षी मुरूम ओतण्यापेक्षा स्वस्त पडते.

सह्याद्रीच्या पट्ट्यात वाट मोडते ती चाकांनी नाही, पाण्याने. उतारावरच्या वाटेला दरीच्या बाजूला दोन ते तीन टक्के कल द्या, म्हणजे अडीच मीटरला ५ ते ७ सेंटिमीटर. डोंगराच्या बाजूला कल दिला की पाणी वाटेवरूनच वाहते आणि पहिल्या पावसाळ्यात मधोमध घळ पडते. १० टक्के उतारावर दर १५-२० मीटरला, ५ टक्क्यांवर दर ४० मीटरला वाटेला तिरपा दगडी पाट टाका, पाणी बाहेर काढायला. तो काटकोनात टाकला तर गाळाने भरतो, सुमारे ३० अंश तिरपा हवा. लहान ओहोळाला ६०० मिलिमीटरच्या एनपी-३ दर्जाच्या ह्यूम (सिमेंटच्या) पाइपची मोरी करा. ३०० चा पाइप स्वस्त पडतो म्हणून टाकतात. तो पालापाचोळ्याने तुंबतो आणि मग पाणी मोरीवरून जाऊन भराव घेऊन जाते. मोठ्या ओढ्यावर पूल परवडत नसेल तर फरशी (पुरात पाणी वरून जाईल असा बुटका पूल) बांधा, आणि पाणी वर असताना ओलांडू नये म्हणून दोन्ही टोकांना लाल-पांढरे पट्टे आखलेला खांब उभा करा. ८ टक्क्यांच्या वरच्या चढावर मुरूम टिकत नाही, तिथे १०-१२ सेंटिमीटर काँक्रीट घालून ओले असतानाच झाडूने आडव्या रेघा मारा. गुळगुळीत काँक्रीटवर ऑगस्टमध्ये शेवाळ येते आणि माणसे घसरतात.

कामाचा हंगाम नोव्हेंबर ते मे. जमले तर भराव आणि मोऱ्या पहिल्या वर्षी करून एक पावसाळा जाऊ द्या, वरचा थर दुसऱ्या वर्षी. मार्चअखेरीच्या घाईत हे कुणालाच आवडत नाही, तरी प्रस्तावच दोन टप्प्यांचा लिहिला तर मंजूर होतो.

फलकांवर थोडेच सांगतो. प्रत्येक फाट्यावर एक, फाट्यानंतर ५० मीटरवर "बरोबर चालला आहात" अशी खूण, आणि दर ५०० मीटरला क्रमांक कोरलेला दगड. अडचणीत सापडलेल्याने ११२ ला फोन करून फक्त दगडाचा क्रमांक सांगावा, आणि त्या क्रमांकांची यादी पोलीस ठाण्यात व प्राथमिक आरोग्य केंद्रात असावी. लोखंडी पाइप चोरीला जातात, दगड कुणी नेत नाही.

पैसा

अंदाजपत्रक जिल्ह्याच्या चालू दरसूचीवरूनच करा. परिमाण गुणिले दर, त्यावर १८ टक्के जीएसटी, १ टक्का बांधकाम कामगार उपकर, स्वामित्वधन आणि किरकोळ खर्च. हौशी प्रस्तावांत हे शेवटचे आकडे नसतात आणि तेवढी रक्कम कमी पडून काम अर्धे राहते.

आता तुकड्यांना पैसा जोडा. पाणंदींना शासनाची चालू असलेली शेत-पाणंद रस्ते योजना आणि रोजगार हमी. रोजगार हमीत मजुरी व साहित्य ६०:४० चे गुणोत्तर सांभाळावे लागते, म्हणून रोलर-टिपरचा खर्च दुसऱ्या योजनेतून अभिसरणाने (एकाच कामाला दोन योजना जोडून) आणतात. नियम बदलत राहतात, त्या वर्षीचा शासन निर्णय हातात घेऊनच बसा. डोंगरी तालुक्यात मोऱ्या आणि फरश्यांना डोंगरी विकास कार्यक्रम. आदिवासी वाड्यांच्या जोडण्यांना ठक्कर बाप्पा योजना, आणि पेसा गावांत (अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामसभांना जादा अधिकार देणारा कायदा लागू असलेल्या) ग्रामसभा कोशातला ५ टक्के अबंध निधी, ज्यावर निर्णय ग्रामसभेचाच असतो. वाटेवर देवस्थान किंवा गडपायथा असेल तर जिल्हा नियोजन समितीकडून 'क' वर्ग तीर्थक्षेत्र वा पर्यटनस्थळाचा दर्जा मिळवा, म्हणजे तिथली स्वच्छतागृहे, पाणी आणि वाहनतळ त्या निधीतून होतात. आमदार-खासदार निधी एखाद्या अडलेल्या जोडासाठी राखून ठेवा. तो सार्वजनिक जागेवरच्या टिकाऊ कामाला मिळतो, देखभालीला नाही.

कंपन्यांचा सामाजिक दायित्व निधी २०१३ च्या कंपनी कायद्याच्या कलम १३५ खाली येतो: पात्र कंपनीने मागच्या तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या २ टक्के रक्कम. तुमच्या संस्थेकडे १२-ए, ८०-जी (दोन्ही आयकर सवलतीच्या) आणि सीएसआर-१ (असा निधी घेण्यासाठीची) नोंदणी व तीन वर्षांच्या कामाचा पुरावा हवा. तो नसेल तर अशी संस्था जोडीला घ्या. कंपनीकडे मुरूम मागू नका. फलक, पिण्याचे पाणी, शाळेतली सायकल दुरुस्तीची पेटी, झाडे अशा डोळ्यांना दिसणाऱ्या आणि एका वर्षात संपणाऱ्या गोष्टी मागा. आणि ऑक्टोबरमध्ये भेटा, फेब्रुवारीत त्यांचा पैसा वाटून झालेला असतो.

वर्षाचे वेळापत्रक असे बसते. १५ ऑगस्ट किंवा २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत ठराव, ऑक्टोबरमध्ये मोजणी आणि अंदाजपत्रक, नोव्हेंबरमध्ये जिल्हा नियोजनाच्या प्रारूप आराखड्यासाठी प्रस्ताव. मग प्रशासकीय मान्यता, तांत्रिक मान्यता, निविदा, कार्यारंभ आदेश याच क्रमाने. कंत्राटदाराला क्रम मोडून "काम सुरू करा, कागद मागून येतील" असे सांगितले तर कागद येत नाहीत.

सुरुवात कोणत्या तुकड्याने करावी? जिथे शाळा आहे, जमीन निर्विवाद आहे आणि ओढा नाही अशा चार-पाच किलोमीटरने. सर्वात सुंदर तुकड्याने नव्हे. सुंदर तुकडा बहुधा जंगलात असतो, आणि तिथे पोहोचायला रस्ताच नसेल तर उद्घाटनानंतर कुणी फिरकत नाही.

देखभाल कोण करणार

भांडवली खर्चाच्या निदान ५ टक्के रक्कम दरवर्षी लागेल असे धरा. ती या योजना सहसा देत नाहीत, म्हणून गावोगाव ठरावातच वाटून घ्या. वाहनतळाचे शुल्क ग्रामपंचायतीकडे, वनातले प्रवेशशुल्क संयुक्त वन व्यवस्थापन समितीकडे, आणि दोघांच्या पावतीपुस्तकांचा हिशेब दर ग्रामसभेत. मे महिन्यात पाट आणि मोऱ्यांतला गाळ काढायचा. जुलैत एक फेरी मारून पाणी कुठे वाट सोडून चालले ते बघायचे आणि त्याच दिवशी फावड्याने वळवायचे. गणपती झाले की गवत छातीपर्यंत येते, ते ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात कापायचे, नाहीतर साप दिसत नाही आणि दगडावरचा क्रमांकही. कड्याजवळच्या तुकड्यांवर आग्यामोहोळ बसले आहे का, हे कापणाऱ्यांनी आधी लांबून पाहून घ्यायचे. यंत्राच्या आवाजाने ते उठते, तिथे विळाच वापरायचा.